तिला माफी मागायला लावली

त्या पुस्तकाच्या ऋणनिर्देशात शेवटून दुसऱ्या ओळीत मी आहे. ‘अक्षरजुळणी सुबकपणे करून देणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीचे आभार.’ नाव नाही दिलं, ते बरंच केलं. ती ओळच नसती तर अजून बरं झालं असतं. तिच्या वरच्या ओळीत ‘लेखनकाळात घर सांभाळणाऱ्या माझ्या सहधर्मचारिणीचे’ आभार आहेत. ती ओळ वाचली की अजूनही माझे कान तापतात. मलपृष्ठावर सरांचा फोटो आहे, हाताची मूठ हनुवटीला लावलेला. आणि पुस्तक लिहिलं आहे त्या सहधर्मचारिणीनं. हे मला पुस्तक छापायच्या कितीतरी आधी कळलं होतं. तरी मी टाइप करत राहिले. त्यामुळे या रागातला थोडा वाटा माझ्या स्वतःच्या अंगावर येतो, आणि तो सगळ्यात जास्त बोचतो.

कळंबला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, असं सगळं येतं. सगळ्यात जास्त येतात ते लग्नाचे बायोडाटा. एक मुलाचा आणि एक मुलीचा असे दोन नमुने मी कायमचे करून ठेवले आहेत. मुलीच्या नमुन्यात ‘रंग’ असा रकाना आहे, मुलाच्या नाही. मी एकदा मुलाच्या नमुन्यातही तो घातला होता. पोराच्या बापानं ‘हे काय’ म्हणून पेनानं खोडून परत दिला.

माझाही बायोडाटा मीच टाइप केला होता, सात-आठ वेळा तरी. दर वेळी वय बदलायचं. शेवटचं स्थळ आलं तेव्हा मी चौतिसची होते. मुलगा बँकेत होता, बायको वारलेली. त्याचा काका माझ्या आईला म्हणाला, “वय जरा जास्त आहे पोरीचं, अन् दुकानात बसते. पण आम्ही चालवून घेऊ.” माझी आई त्याला हात जोडून ‘मेहरबानी’ म्हणाली. मी आतून सगळं ऐकलं आणि बाहेर येऊन नाही म्हटलं. आई पंधरा दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तेव्हापासून बायोडाटा काढलेला नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी सर दुकानात आले. यवतमाळला कॉलेजात ते मला इंग्रजी शिकवायचे. चांगलं शिकवायचे, हे खोटं कशाला बोलू. निवृत्त होऊन कळंबलाच घर बांधून राहिले होते. त्यांच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सात वह्या. शाळेच्या, दोनशे पानी, कोपरे दुमडलेल्या.

“बाळ, एक कादंबरी आहे,” सर म्हणाले. “इंग्रजीतल्या एका जुन्या कादंबरीवरून मी आपल्या भागात बेतली आहे. तू वाचलेली आहेस मूळ, बी.ए.ला होती. हे टाइप करून दे. अक्षर आमच्या सौभाग्यवतीचं आहे. मी सांगत गेलो, तिनं उतरवून घेतलं.”

मला मूळ कादंबरी आठवत होती. दोनशे वर्षांपूर्वीची, लग्नाच्या वयाच्या मुलींची, त्यांच्या आईच्या घाईची आणि एका गर्विष्ठ श्रीमंत माणसाची. परीक्षेपुरती वाचली होती आणि सोडून दिली होती. सरांची बायको म्हणजे बाई मला तोंडओळखीनं माहीत होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. नोकरीची बरीचशी वर्षं पांढरकवड्याच्या पलीकडे कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, शाळेत काढलेली. नवरा यवतमाळला, त्या तिकडे.

मी पहिली वही उघडली आणि टाइप करायला बसले. दोन तासांनी लक्षात आलं की बाकावर प्रतिज्ञापत्रवाले दोघं ताटकळत बसले आहेत.

वहीतली गोष्ट पांढरकवड्याजवळच्या एका गावात घडत होती. बाप पोस्टमास्तर. घरात चार बहिणी. पोस्टाचं क्वार्टर, बापाची नोकरी संपली की ते सोडावं लागणार, म्हणून आईला पोरी उजवायची घाई. गोष्ट दुसऱ्या बहिणीची. गावातल्या एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, पांढरकवड्याच्या कापूस-जिनिंगवाल्यांचा मुलगा आलेला असतो. पंगतीत बसल्या बसल्या तो शेजारच्या मित्राला सांगतो, “पोरगी बरी आहे. पण आपल्या घरात शोभाची नाई.” ती मागेच बुंदीचं भांडं घेऊन उभी असते. त्याची पत्रावळ सोडून ती पुढच्याला वाढते. पुढचा म्हणतो, “यायले बुंदी वाढाची राहिली.” ती म्हणते, “यायले आपल्या घरची गोड लागते.”

मी खुर्चीत एकटीच हसले. संध्याकाळी घरी आईला सांगितलं, तर तीही तुरीची डाळ निवडता निवडता हसली. मग रोजच विचारायला लागली, “त्या पोस्टमास्तरच्या पोरीचं काय झालं मंग?” आम्हा दोघींमध्ये त्या बँकवाल्यानंतर जे अवघडलेपण होतं ते त्या गोष्टीनं थोडं सैल केलं. पण जिनिंगवाला पोस्टमास्तरच्या पोरीला मागणी घालायला आला, ते मी आईला सांगितलं नाही.

ते चौथ्या वहीत होतं. तो क्वार्टरच्या मागच्या अंगणात उभा राहून तिला म्हणतो, “तुमच्या घरात काही नाई. तुमची माय चारचौघात काहीबी बोलते. माह्या घरचे तयार होणार नाईत. तरी मले तुमीच पायजे. मी हे सारं चालवून घेतो.” आणि ती म्हणते, “मी काय फाटकी नोट आहो का, चालवून घ्याले?”

मी कीबोर्डवरून हात काढले. बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. जे मला चौतिसाव्या वर्षी सुचलं नव्हतं ते कोणीतरी माझ्यासाठी आधीच लिहून ठेवलं होतं. आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, हे सरांना कसं सुचलं?

मग मी वह्या नीट पाहायला लागले. सांगितलेलं उतरवून घेतो तेव्हा माणूस खोडतो ते ऐकण्यात चूक झाली म्हणून. इथे एकेक वाक्य तीनतीनदा खोडून पुन्हा लिहिलेलं होतं. फाटक्या नोटेआधी ‘मी काय भाजी आहो का’ होतं, त्याआधी ‘मले कोणाची दया नको’ होतं. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘इथं ती रडत नाई. मी रडली असती, ती नाई रडत.’ दुसऱ्या एका ठिकाणी, ‘परीक्षा आहे, आठ दिवस जमणार नाई.’ आणि सरांच्या तोंडून मी वऱ्हाडी कधी ऐकलेलीच नव्हती. कॉलेजात कोणी ‘मले’ म्हटलं तर ते थांबून दुरुस्त करायचे.

पाचव्या वहीत एका ठिकाणी शाई फुटली होती आणि एक शब्द लागत नव्हता. मी सरांच्या घरी फोन केला. फोन बाईंनी उचलला. मी वाक्य वाचून दाखवलं, “पत्र दिल्यावर तो तिकडेच, मग काहीतरी, पाशी उभा राह्यला. बाई, हा शब्द कवाड आहे का?”

“फाटक,” बाई पलीकडून लगेच म्हणाल्या. “कवाड घराचं असते. जिनिंगचं फाटक असते. ते पत्र तो एस. टी.च्या कंडक्टरजवळ देते, अन् गाडी गेली तरी फाटकापाशी उभाच राह्यते. आतमधी जाऊन कामाले लागाची त्याची हिंमत होत नाई. पुढं पाह्य, ‘वजनकाट्यावरचा माणूस त्याले तीनदा हाक मारते’, असं आहे.”

पुढे तेच होतं, शब्दाला शब्द. मी म्हटलं, “बाई, हे तुमी लिवलं.”

पलीकडे फोन हातातून हातात गेल्याची खडखड झाली. मग सरांचा आवाज आला, “काही अडचण आहे का, बाळ?” मी म्हटलं, नाही सर, शब्द लागला.

तिथं बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

सगळ्या वह्या टाइप करून मी सरांना कच्ची प्रत दिली. चार दिवसांनी ते लाल पेनानं भरलेली प्रत घेऊन आले. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

“भाषा बदलावी लागेल,” ते म्हणाले. “ही बोली पुण्या-मुंबईचा वाचक वाचणार नाही. संवादसुद्धा प्रमाण मराठीत हवेत. ‘मले’चं ‘मला’ कर, ‘तुले’चं ‘तुला’. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एका बटणात होतं ना ते?”

एका बटणात होतं. मी ‘मले’ शोधायला लावलं आणि सगळीकडे ‘मला’ घालायला लावलं. कॉम्प्युटरनं ‘पाहुणे जमले’चं ‘पाहुणे जमला’ केलं आणि ‘बैल दमले’चं ‘बैल दमला’. तीन दिवस बसून मी ते एकेक सुधारलं. पण माझी सवय आहे, कोणाचीही मूळ फाइल मी पुसत नाही. तिच्या नावापुढे ‘जुनी’ लिहून ठेवून देते. कचेरीसमोर दुकान असलं की ही सवय लागते. माणसं परत येतात आणि म्हणतात, आधीचंच बरं होतं.

फाटक्या नोटेचं वाक्य प्रमाण मराठीत ‘मी काय फाटकी नोट आहे का, चालवून घ्यायला?’ असं झालं. तेही सरांनी खोडलं. “स्वस्त वाटतं,” म्हणाले. त्याजागी त्यांनी लिहून दिलं, ‘आपल्या प्रस्तावाचा मी आदर करते, परंतु तो स्वीकारू शकत नाही.’

मी म्हटलं, “सर, पोस्टमास्तरची पोरगी असं बोलत नाही.”

“आता बोलते,” सर म्हणाले.

आणि मग शेवटचं प्रकरण. वहीत ते असं होतं. वर्ष उलटून गेलेलं असतं. दिवसाउजेडी, भर दुपारी तो क्वार्टरमध्ये येतो. ती अंगणात तूर पाखडत बसलेली असते. आई घाईनं खुर्ची आणते, तो खुर्चीवर बसत नाही, खाली मातीत बसतो, पॅन्टची पर्वा न करता. म्हणतो, “मी तुमच्या घरावर उपकार केल्यासारखा बोललो. तेच बोलणं दिवसरात्र कानात वाजून राह्यलं. चुकलं माहं.” ती सुपातली तूर पाखडून पुरी करते. त्याच्या अंगावर फोलपटं उडतात, तो हलत नाही. मग ती सूप खाली ठेवते आणि विचारते, “जेवून जाता का?” बस, एवढंच. मी टाइप करताना रडले होते, आणि रडू येईल असं एकही वाक्य त्यात नव्हतं.

सरांनी ती पाच पानं आडव्या रेघेनं काट मारून टाकली होती आणि स्वतःच्या हातानं नवीन पानं लिहून जोडली होती. त्यात ती मुलगी आजारी पडते. तापात तिला स्वतःच्या उद्धटपणाची जाणीव होते. तो भेटायला येतो तेव्हा ती अंथरुणातून उठून त्याचे पाय धरते. ‘मी आपल्याला ओळखू शकले नाही, मला क्षमा करा.’ तो उदार मनानं तिला उठवतो.

“सर, हे असं नव्हतं,” मी म्हटलं.

“मूळ इंग्रजीतही नायिकेला आपली चूक उमगतेच. तू वाचलं आहेस.”

“त्यात दोघांनाही उमगते, सर.”

त्यांनी चष्मा काढला. “अशा घराण्यातला माणूस एका पोस्टमास्तरच्या मुलीसमोर मातीत बसेल? वाचकाला पटलं पाहिजे, बाळ. तू टाइप कर.”

मी टाइप केलं. ‘पाय धरते’ हे शब्द माझ्या बोटांनी टाइप केले. कोणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. त्यांनी मला शिकवलं होतं आणि मला त्यांच्यासमोर नाही म्हणता येत नव्हतं, एवढंच कारण. बँकवाल्याच्या काकाला नाही म्हणणारी मी, सरांना म्हणू शकले नाही.

उन्हाळ्यात यवतमाळला एका सभागृहात प्रकाशन झालं. दुपारी चारची वेळ, कूलर लावलेले, तरी सगळे घामाघूम. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मोरपंखी काठाचं पातळ नेसून. मुख्य पाहुणे म्हणाले की लेखकानं स्त्रीमनाचा ठाव इतका अचूक घेतला आहे की पुरुषानं हे लिहिलं यावर विश्वास बसत नाही. टाळ्या झाल्या. सरांनी नमस्कार केला. मी मागच्या रांगेत खुर्चीचा दांडा धरून बसले होते. मग बाईंना मंचावर बोलावून शाल आणि नारळ दिला. सर माइकवर म्हणाले, “हिनं मला घरातल्या कटकटींपासून दूर ठेवलं, म्हणून हे लिहून झालं.”

दूर ठेवलं. ऐंशी किलोमीटरवरच्या पोडावर एकटीनं चार वर्ग सांभाळत होत्या, म्हणजे दूर ठेवलंच की.

चहाच्या वेळी मी बाईंना गाठलं. “बाई, हे तुमचं आहे. तुमी कायले गप्प बसल्या?”

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “चहा घे,” म्हणाल्या. “थंडा होऊन राह्यला.”

मला त्यांचा इतका राग आला की मी चहा न घेता स्टँडवर आले आणि मिळेल त्या गाडीनं कळंबला परतले. घरी आईनं विचारलं, कसा झाला कार्यक्रम. मी म्हटलं, तुझ्या त्या पोरीनं पाय धरले. आई म्हणाली, “कोणाचे?” मी सांगितलं, आधीची मागणी आणि तिचा नकार, तेही सांगितलं. तिनं कणकेचा हात पुसला. मग म्हणाली, “मंग तवा नाई कायले म्हतलं तिनं?”

पंधरा-वीस दिवसांनी बाई एकट्याच दुकानात आल्या. हातात पुस्तक होतं, मध्ये बोट घातलेलं. बाकावर दोनतीन माणसं होती. त्यांनी सगळ्यांचं होऊ दिलं. मग समोर बसल्या आणि शेवटचं प्रकरण उघडून टेबलावर ठेवलं.

“हे तू टाइप केलं?”

“हो.”

“वाचून केलं, का न वाचता?”

खोटं बोलावंसं वाटलं. “वाचून,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पानावरून एकदा तळहात फिरवला. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर सोपं झालं असतं.

“मले काल समजलं,” त्या म्हणाल्या. “प्रुफं त्यायनंच पायली. मले म्हणे, छापून आल्यावर वाच. मी पयलं प्रकरण वाचलं अन् ठेवून देलं. भाषा बदलली, ते ठीक. त्यायचं नाव टाकलं, ते मीच हो म्हतलं होतं.”

“तुमी हो म्हणाल्या?”

“तुले सांगतो,” बाई म्हणाल्या. त्या बोलताना ‘सांगतो’ म्हणायच्या, आमच्याकडे बाया म्हणतात तसं. “लग्न झालं तवा मी बारावी होतो. त्यायनं मले बाहेरून बी.ए.ले बसवलं. ही कादंबरी होती इंग्रजीले. रोज जेवण झालं की एक एक पान वाचून दाखवत, अर्थ सांगत. तो साहेब असा बोलला, ती अशी बोलली, दोघांचे आवाज काढत. त्या वर्षी लय चांगले होते ते. मंग मले पोडावर नोकरी लागली, ते इकडं राह्यले. तिकडं केंद्रशाळेत मास्तरणी मीटिंगले जमत महिन्यातून एकदा. डबे खाता खाता मी हीच गोष्ट आपल्यातली करून सांगत जाओ. त्या विचारत, पुढं काय झालं. सांगता सांगता सारं बदलत गेलं, मंग लिवून काढलं. अन् यायनं जिंदगीभर एक पुस्तक लिवतो, लिवतो म्हतलं, ते झालंच नाई. निवृत्त झाले तसे घरात नुसते बसून राहत. मी म्हतलं, या वह्या आहेत, तुमच्या नावानं काढा. सुरवात त्यायनंच करून देलती. मले गोष्ट सांगाची होती, ती सांगून झालती.”

इतके महिने मी एका चोरीवर संतापले होते आणि ती चोरी नव्हती. तरी राग कमी झाला नाही, उलट वाढला. दिलेल्या गोष्टीचं त्या माणसानं हे केलं होतं.

“नाव घेतलं ते घेतलं,” बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बदलला होता. “पण तिले माफी मागाले लावली. पाय धराले लावले. मी चाळीस वर्षं तिले सांभाळलं. माह्या घरात जे झालं ते झालं, पण तिच्या अंगणात मी तसं होऊ देलं नव्हतं. तो मातीत बसला होता. मी बसवला होता त्याले.”

त्यांनी पुस्तक मिटलं.

“माह्याजवळ जुनी फाइल आहे,” मी म्हटलं. “शब्दाला शब्द. वहीत होती तशी.”

त्यांनी मान वर केली. “काढ.”

दुसऱ्या दिवसापासून बाई रोज अकराला यायच्या आणि आतल्या कॉम्प्युटरवर माझ्या शेजारी बसून एकेक पान तपासायच्या. माझ्या चार चुका त्यांनी पकडल्या. ‘सांगतलं’चं मी सवयीनं ‘सांगितलं’ करून ठेवलं होतं, ते परत केलं. शेवटचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. त्या वेळी एक शेतकरी पीकविम्याचा अर्ज घेऊन आला होता, तो अर्ज हातात धरून दारातच उभा राहिला. ‘जेवून जाता का’पाशी येऊन बाई थांबल्या, तेव्हा तो म्हणाला, “मंग जेवला का तो?” बाई म्हणाल्या, “जेवला.”

पहिलं पान करायची वेळ आली. मी विचारलं, नाव काय टाकू. त्या म्हणाल्या, नाव राहू दे, आपसात वाटाले आहे. मी हात मांडीवर ठेवून बसले.

“नाव नसलं तर मी छापत नाही,” मी म्हटलं. “बाई, मी एकदा सरांसमोर गप्प बसली. आता नाही बसत.”

“हट्ट करू नको.”

“करून राह्यली.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, वर्गात पाहत असतील तसं. मग स्वतः कीबोर्ड ओढला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, आपलं नाव टाइप केलं. माहेरचं आडनाव, आणि त्याच्यापुढे सासरचं. मध्ये सरांचं नाव त्यांनी टाकलं नाही. मी लगेच सेव्हचं बटण दाबलं.

पंचवीस प्रती काढल्या, स्पायरल लावून. त्या जुन्या मास्तरणींकडे गेल्या, पांढरकवड्याला, वणीला, उमरखेडला. दोन महिन्यांत कोणी कोणी विचारत दुकानात यायला लागलं. उमरखेडची एक निवृत्त बाई चार गाड्या बदलून आली. म्हणाली, आम्ही ही गोष्ट डबे खाताना ऐकली होती, शेवट ऐकायचा राहून गेला, माझी बदली झाली. तिनं बाकावर बसूनच शेवटची पाच पानं वाचून काढली.

मग सर आले. त्यांच्या हातात स्पायरलची प्रत होती, कोणीतरी दाखवली असणार. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज वर्गातला.

“हे काय केलंस तू? माझ्या पुस्तकाची नक्कल काढून वाटतेस? उद्या लोक मला चोर म्हणतील.”

“सर, तुमचं पुस्तक वेगळं आहे,” मी म्हटलं. मी टेबलावरचे कागद बाजूला सारले. “तुमच्या पुस्तकात ती पाय धरते. ते प्रकरण तुमचं आहे, ते कोणी घेतलेलं नाही.”

“मी शिकवलं तिला. मी वाचून दाखवली नसती तर तिला त्या कादंबरीचं नावही कळलं नसतं.”

“माहीत आहे, सर. त्यांनीच सांगितलं. त्या वर्षी तुम्ही लय चांगले होता म्हणाल्या.”

त्यांनी ती प्रत छातीशी धरली. माझ्या मनात दया यायला हवी होती, असं नंतर आईनं म्हटलं. नाही आली. मी म्हटलं, “तुम्ही मला शिकवलं म्हणून ती पानं मी टाइप केली. त्याची मला लाज वाटते. फाइल मी पुसणार नाही.” ते तसेच वळून गेले. त्यानंतर ते दुकानात आलेले नाहीत. रस्त्यात दिसले तर मी मान खाली घालत नाही, पण नमस्कार होतो, तो अजून सुटलेला नाही.

बाई घर सोडून कुठे गेल्या नाहीत. लोकांना तसं काहीतरी ऐकायचं असतं, म्हणून सांगते. त्या त्याच घरात आहेत, दोघांचा स्वयंपाक करतात. मागच्या आठवड्यात बसस्टँडजवळ भेटल्या, पिशवीत नवीन वही होती. मी विचारलं, “सरांनी वाचलं का, तुमचं शेवटचं प्रकरण?”

“वाचलं,” बाई म्हणाल्या. “दुपारी वाचलं, अन् उठून बाहेर गेले. घंट्याभरानं पपई घेऊन आले.”

“काही बोलले?”

“गोड आहे म्हणे.”

“अन् तुमी?”

“मी म्हतलं, पपई कोणी मांगतली होती?”

त्यांची गाडी लागली होती. मी त्यांची पिशवी वर दिली. खिडकीतून त्यांनी सांगितलं की ती पपई अजून टेबलावर तशीच आहे, कापलेली नाही, आणि त्यांचा तरी ती कापायचा विचार नाही.